सवलतीचा मुहूर्त कोण काढतो?

घोटीच्या बाजारपेठेत ‘भाव काय?’ हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबरच कानावर पडतो. मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले हे गाव इगतपुरी तालुक्यातील भाताची पेठ म्हणून ओळखले जाते. कळसूबाईच्या रांगेवर कोसळणारा पाऊस खाचरे भरून जातो, दिवाळीच्या आगेमागे भात कापणीला येतो आणि पुढचे काही महिने गावातील पैशाची उलाढाल राइस मिलच्या घरघरीबरोबर चालते. अशाच एका राइस मिलवाल्या कुटुंबात दिवाळीनंतर घडलेला हा प्रसंग.

नातू नववीत शिकतो. दिवाळीत थोरामोठ्यांनी हातावर ठेवलेले पैसे त्याने जपून ठेवले होते. ती रक्कम साडेतीन हजारांवर गेली होती. संगणकावर खेळायचा क्रिकेटचा एक नवा गेम त्याला हवा होता आणि त्याची किंमत होती तीन हजार रुपये. पैसे त्याचेच होते, तरीही घरच्या रीतीप्रमाणे तो परवानगीसाठी पेढीवर आला. दादाजींनी खेळाविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “याचा भाव पुढे उतरतो का?”

मुलगा खरे बोलला. “उतरतो, दादाजी. उन्हाळ्याच्या सेलमध्ये कदाचित अर्धासुद्धा होईल.”

“मग आज कशाला घ्यायचा?”

“तुम्ही म्हणता ते खरे, पण उन्हाळ्यापर्यंत माझे मित्र दुसराच गेम खेळायला लागलेले असतील.”

नातवाचे उत्तर दादाजींना पटले की नाही, ते त्या दिवशी कळले नाही. त्यांचे मन विक्रेत्यापाशी अडकले होते. चाळीस वर्षे भाताचा व्यापार केलेल्या माणसाला कोडे पडले ते असे, की भाव अर्धा होणार हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे, तो आजच का उतरवत नाही? आणि गोदामात पोते पडून नसताना त्याने तो उतरवावा तरी का?

दादाजींचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. भाताच्या व्यापारात भाव उतरण्याची कारणे डोळ्यांना दिसतात. नवे पीक बाजारात येते, गोदामात जागा उरत नाही, पावसाळी हवेत मालाला सोंडे लागण्याची भीती असते आणि मालतारण कर्जाचे व्याज रोज चढत असते. यांपैकी एखादे कारण बळावले की व्यापारी दोन पैसे सोडतो आणि माल हलवतो. उलट जातिवंत कोलम जुना झाला की शिजल्यावर मोकळा होतो, फुगतो आणि नव्यापेक्षा चढ्या भावाने जातो. घोटीतील व्यापाऱ्याला त्यामुळे दोन्ही गणिते पाठ असतात. कोणता माल झटपट काढायचा आणि कोणता दाबून ठेवायचा, हे तो ताटात मूठभर दाणे पसरून सांगतो.

संगणकावर उतरवून घ्यायच्या गेमला यांतले काहीही लागू पडत नाही. तो सडत नाही, जागा अडवत नाही, त्याला वाहतूक नाही आणि हमालीही नाही. तो घडवताना अफाट खर्च होतो. मोठ्या गेमवर शेकडो कलावंत आणि तंत्रज्ञ अनेक वर्षे राबतात. मात्र एकदा तो तयार झाला, की एक प्रत विकली काय आणि एक लाख विकल्या काय, पुढच्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत ज्याला सीमांत खर्च म्हणतात, तो येथे उरतच नाही. तांदळाचा व्यापारी खरेदीच्या खाली विकू लागला तर प्रत्येक क्विंटलमागे त्याचे नुकसान वाढते. गेमच्या प्रकाशकाला मात्र तीन हजारांची वस्तू तीनशेला विकूनही त्या प्रतीवर तोटा होत नाही. तेव्हा सवलत किती द्यायची, याला खालून कसलीच मर्यादा नाही.

येथे ‘प्रकाशक’ हा शब्द पुस्तकांच्या जगातून आला आहे आणि कामही बरेचसे तेच आहे. गेम घडवणारा निर्माता वेगळा असतो. पैसा पुरवणारा, जाहिरात करणारा आणि किंमत ठरवणारा प्रकाशक वेगळा. कधीकधी दोघे एकच असतात. वडीलधाऱ्यांच्या मनातील आणखी एक गोंधळही येथेच दूर केलेला बरा. ज्यात पैसे लावले जातात त्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. येथे चर्चा आहे ती पुस्तकासारख्या एकदाच किंमत मोजून विकत घेण्याच्या खेळाची.

हा व्यवसाय पूर्वी असा नव्हता. खेळ जेव्हा प्लास्टिकच्या काडतुसांत भरून दुकानात विकले जात, तेव्हा त्यांचाही साठा असे आणि साठ्याबरोबर येणारे सारे रोगही असत. १९८२ च्या नाताळासाठी अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर घाईघाईने गेम बनवला आणि मागणीपेक्षा कितीतरी अधिक प्रती काढल्या. त्या सुमारास बाजारात इतर कंपन्यांचेही सुमार गेम भरमसाट आले होते. दुकानदारांनी ते मिळेल त्या किमतीला काढायला सुरुवात केली, तेव्हा पूर्ण किमतीचे चांगले गेमही कोणी घेईना. १९८३ मध्ये अमेरिकेतील हा बाजारच कोसळला. अटारीने न विकलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे खड्ड्यात पुरला. २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले तेव्हा ती काडतुसे खरोखरच हाती आली. सवलतीने माल हलतो, तसा बाजार मरतोही, हे त्या खड्ड्याने या धंद्याला शिकवले. डिस्कच्या काळातही प्रकाशकाने किंमत कमी केली तर दुकानदाराकडे पडून असलेल्या मालावरील फरक त्याला भरून देण्याची प्रथा होती. त्यामुळे भाव उतरवणे हा खर्चाचा निर्णय असे आणि तो सहजासहजी घेतला जात नसे.

बदल झाला तो दुकानच संगणकात आल्यावर. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ नावाचे दुकान सुरू केले. साठा नाहीसा झाला, दुकानदाराला फरक देणे नाही, लेबल बदलणे नाही; किंमत एका कळीवर बदलू लागली. मग या मंडळींनी प्रयोग केले. कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये लास व्हेगास येथील ‘डाइस’ परिषदेत त्यांचे आकडे जाहीर केले आणि ते आजही या व्यवसायात सांगितले जातात. सणाच्या सेलमध्ये १० टक्के सवलत दिली तर उत्पन्न ३५ टक्के वाढले, २५ टक्क्यांना २४५ टक्के, ५० टक्क्यांना ३२० टक्के आणि ७५ टक्के सवलतीला १,४७० टक्के.

या आकड्यांपाशी थोडे थांबावे, कारण ही वाढ प्रतींची नसून गल्ल्यात पडलेल्या पैशांची आहे. ७५ टक्के सवलतीत वस्तू चौथाई किमतीला जाते. तरीही गल्ला मूळच्या १५.७ पट झाला असेल, तर प्रतींची संख्या जवळजवळ ६३ पट झाली असली पाहिजे. उलट १० टक्के सवलतीत प्रती फक्त दीडपट होतात. पेढीवर बसून पाटीवर हे गणित मांडले तरी ध्यानात येईल, की थोडी सवलत जुन्याच गिऱ्हाइकाला खूश करते आणि मोठी सवलत अगदी वेगळे गिऱ्हाईक दारात आणते. त्याच सुमारास त्यांनी काही महिन्यांपूर्वीच आलेला ‘लेफ्ट फोर डेड’ हा गेम निम्म्या किमतीला काढला, तेव्हा त्या विक्रीने प्रकाशनाच्या वेळच्या विक्रीलाही मागे टाकले. दुकानातील डिस्कची विक्री मात्र घटली नाही.

अर्थात हे आकडे सेलचे नवल होते त्या दिवसांतले आहेत. आज स्टीमवर हजारो गेम एकाच वेळी सवलतीत असतात. साऱ्या पेठेतच सेलचे फलक लागले, की एका दुकानाचा फलक कोणाच्या नजरेत भरणार? शिवाय दुकानाची दलाली आहेच. स्टीम साधारणपणे ३० टक्के घेते. एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली तर पुढील विक्रीवर २५ आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे मोठ्याला दलाली कमी आणि लहानाला पूर्ण. बाजार समितीच्या आवारातही हे दृश्य अपरिचित नाही. कर बाजूला ठेवला तर तीन हजारांच्या गेममधून प्रकाशकाच्या पदरी २,१०० रुपये पडतात. ७५ टक्के सवलतीत ७५० रुपयांतून ५२५. तेवढीच कमाई व्हायला एकाच्या जागी चार गिऱ्हाइके लागतात. ती मिळतील की नाही, हाच काय तो धोका.

मग पहिल्या दिवसापासूनच स्वस्त का नाही? दादाजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे दडले आहे. ज्याला गेम आजच हवा आहे तो तीन हजार द्यायला तयार आहे. त्याच्याकडून साडेसातशे घेणे म्हणजे सव्वादोन हजार सोडून देणे. पण जो साडेसातशेच देऊ शकतो, त्याला कायमचे दाराबाहेर ठेवणे हेही नुकसानच. दोघांना वेगवेगळा भाव सांगता आला तर उत्तम. परंतु गिऱ्हाइकाच्या कपाळावर त्याची ऐपत लिहिलेली नसते. म्हणून प्रकाशक एक युक्ती करतो. तो वेळेची चाळण लावतो. ज्याला घाई आहे तो वरच राहतो, ज्याला धीर आहे तो खाली गळत जातो आणि प्रत्येक थराला वेगळा भाव लागतो. एकाच वस्तूसाठी निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडून निरनिराळी किंमत घेण्याच्या या रीतीची शास्त्रशुद्ध मांडणी आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच केली होती.

बँकेत काम केलेल्यांना यात एक जुना ओळखीचा चेहरा दिसेल. हुंडी मुदतीपूर्वी वटवायला आणणारा व्यापारी पूर्ण रक्कम मागत नसे. बट्टा कापून हातात पडेल ते घेत असे. पैसा आज हवा असल्याची ती किंमत होती. इंग्रजीत त्या बट्ट्यालाच डिस्काउंट म्हणतात. खेळाच्या बाजारात तोच हिशेब उलट्या बाजूने मांडलेला आहे. ज्याला आज हवे आहे तो जास्त देतो आणि थांबणाऱ्याला बट्टा मिळतो.

मराठी पुस्तकांच्या वाचकाला मात्र हे जरा चमत्कारिक वाटेल. त्याच्या ओळखीची सवलत ही ‘प्रकाशनपूर्व’ असते. मोठा ग्रंथ निघायचा असला की आधी पैसे भरणाऱ्याला तो स्वस्त मिळतो आणि छापून आल्यावर महाग होतो. याचे कारण भांडवल. मराठी प्रकाशकाला कागद आणि छपाई यांचे पैसे आधी लागतात, म्हणून सर्वांत उत्साही वाचकाला तो बक्षीस देतो. खेळाचा मोठा प्रकाशक त्याच उत्साही ग्राहकाकडून सर्वांत जास्त पैसे घेतो, आणि तेही अनेकदा गेम येण्यापूर्वीच, आगाऊ नोंदणी म्हणून, पूर्ण किमतीत. ग्राहकाने बिनव्याजी खेळते भांडवल पुरवायचे आणि त्याबद्दल बहुधा आभासी टोपी किंवा बॅट घेऊन समाधान मानायचे, हा सौदा हिशेबी माणसाला रुचणे कठीण आहे.

या चाळणीत एक भोक आहे. १९७२ साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने टिकाऊ वस्तूच्या एकमेव विक्रेत्याविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय असा, की विक्रेता पुढे भाव उतरवणार हे ग्राहकांना एकदा कळले की ते थांबतात. ते थांबले की विक्रेत्याला लवकर उतरवावे लागते. आणि शेवटी त्याची मक्तेदारी त्याच्याच हातून सुटते. म्हणजे विक्रेत्याचा खरा स्पर्धक दुसरा विक्रेता नसून उद्याचा तो स्वतःच असतो. राइस मिलमधील मुलाने “उन्हाळ्यात अर्धा होईल” असे खात्रीने सांगितले, तेव्हा कोस यांची भीती घोटीपर्यंत पोहोचली होती असे म्हणता येईल.

म्हणूनच सवलतीची वेळ ठरवणे हे किंमत ठरवण्याइतकेच नाजूक काम आहे. फार लवकर उतरवले तर पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे मोजणारा संतापतो आणि पुढच्या वेळी थांबतो. फार उशीर केला तर गेमची चर्चाच विझून जाते. याचा धडा निन्टेन्डो या जपानी कंपनीने २०११ मध्ये घेतला. तिचे ‘थ्रीडीएस’ हे खेळयंत्र अपेक्षेइतके खपेना, तेव्हा बाजारात येऊन सहा महिने व्हायच्या आतच त्याची किंमत अमेरिकेत सुमारे २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली. ज्यांनी आधीच घेतले होते त्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीने त्यांना २० जुने खेळ विनामूल्य दिले आणि तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. भाव उतरवल्याबद्दल जुन्या गिऱ्हाइकाची माफी मागणारा व्यापारी विरळा!

सवलतीच्या तारखांना दुकानाचे नियमही बांधून ठेवतात. स्टीमवर गेम प्रकाशित झाल्यापासून किंवा आरंभीची सवलत संपल्यापासून ३० दिवस दुसरी सवलत देता येत नाही. दोन सवलतींमध्येही ३० दिवसांचे अंतर लागते, फक्त ऋतूंनुसार भरणाऱ्या मोठ्या सेलना त्यातून सूट आहे. किंमत वाढवली तर त्यानंतर ३० दिवस सवलत बंद. या शेवटच्या नियमाचे मर्म कापड बाजारात फिरलेल्या गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही. आदल्या दिवशी किंमत चढवून दुसऱ्या दिवशी ‘५० टक्के सूट’ असा फलक लावण्याची वाट त्याने अडवली आहे.

या चौकटीत प्रकाशक काय पाहतो? सर्वांत आधी विशलिस्ट. ‘हा हवा आहे, पण आता नको’ असे ग्राहकाने स्वतःच नोंदवून ठेवलेले असते. म्हणजे धीर धरणाऱ्यांची मोजदाद प्रकाशकाच्या हाती आयती येते. यादीतील गेमवर २० टक्के किंवा अधिक सवलत आली की त्या ग्राहकाला पत्र जाते. त्यामुळे १५ टक्के सवलत देणे म्हणजे दवंडी न पिटता लिलाव करण्यासारखे आहे. पुढे पायरी पायरीने उतरायचे, बहुधा आधी पाचवा हिस्सा, मग तिसरा, नंतर अर्धा आणि शेवटी पाऊण. एकदा खालची पायरी गाठली की वरच्या पायरीला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण मागचे सारे भाव लिहून ठेवणारी मंडळी इंटरनेटवर आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे मालाची जात. फुटबॉलच्या वार्षिक गेमचे जीवन पालेभाजीसारखे असते. दर वर्षी नवी आवृत्ती येते, खेळाडू संघ बदलतात, आणि सप्टेंबरअखेर पूर्ण किमतीत घेतलेला गेम बहुधा नोव्हेंबरच्या सेलमध्येच उतरलेला दिसतो. परवान्याचा प्रश्न असला तर तो दुकानातूनच नाहीसा होतो. जागतिक फुटबॉल संघटनेशी असलेला करार संपल्यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने २०२३ मध्ये ‘फिफा’ नावाचे आपले जुने गेम ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले. क्रिकेटचेही असेच. ऑस्ट्रेलियातील बिग अँट स्टुडिओचा ‘क्रिकेट २४’ हा गेम ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे भारतातील विश्वचषकाचा पहिला सामना झाला त्याच दिवशी, बाजारात आला. हंगाम ओसरला की अशा मालाचा भाव ओसरतो. नातवाचा हिशेब या बाबतीत चुकीचा नव्हता आणि दादाजींचाही नव्हता.

कथाप्रधान गेमची जात निराळी. त्याचा पुढचा भाग येऊ घातला की मागचा भाग स्वस्त करतात, म्हणजे नवे वाचक कादंबरीच्या पहिल्या खंडापासून गोळा होतात. ओसाकाची कॅपकॉम कंपनी जुने गेम वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने उतरत्या किमतीत विकत राहण्याचे आपले धोरण उघडपणे सांगते. तिचा ‘मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड’ हा २०१८ चा गेम, पुढील भागाची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली आणि सवलतीच्या जोरावर तो जुना गेम पुन्हा जोमाने खेळला जाऊ लागला.

आणि जुन्या कोलमसारखे वागणारेही आहेत. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षे मूळ किमतीच्या आसपासच राहतात. ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाना उभारण्याचा गेम करणारी झेक प्रजासत्ताकातील वूब सॉफ्टवेअर ही छोटी कंपनी तर सवलत द्यायचीच नाही असे ठरवून बसली आहे. इतकेच नव्हे, जानेवारी २०२३ मध्ये महागाईचे कारण देऊन तिने किंमत ३० डॉलरवरून ३५ डॉलर केली. तेथे थांबण्यात अर्थच नसल्यामुळे ज्याला हवा तो लगेच घेतो. कोस यांच्या निबंधातील भोक तिने शब्द पाळून बुजवले आहे. हे साऱ्यांना जमणारे नाही. माल खरोखर जुन्या तांदळासारखा असावा लागतो.

मोठ्या कंपन्यांच्या या कथा दूरच्या वाटत असतील तर पुणे घोटीपासून फार लांब नाही. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम घडवला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ही कथा. पार्श्वभूमीला राजस्थानी वास्तुशिल्प आणि पहाडी चित्रशैलीचे संस्कार. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तेव्हा काम चालू राहावे म्हणून त्यांच्यातील एकाने राहता फ्लॅट विकला. २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र प्रकाशित झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले.

अशा चमूसाठी सवलतीचा निर्णय कसा असेल याचा विचार करावा. कॅपकॉमकडे शेकडो जुने गेम आहेत. एक उतरला तर दुसरा चढा असतो. येथे माल एकच. पहिल्या काही आठवड्यांतील पूर्ण किमतीची विक्री हीच पुढच्या गेमची पुंजी. सवलत दिली नाही तर दुकानाच्या पहिल्या पानावर नाव येत नाही. दिली तर प्रत्येक प्रतीमागे हाती येणारा पैसा घटतो आणि ‘हा तर स्वस्तातला गेम’ असा शिक्का बसतो. पाच-सहा तासांत संपणाऱ्या गेमला तर ग्राहक ताशी दर लावून पाहतो. तासांवर भाव ठरवायचा तर एखादे छोटे, अप्रतिम पुस्तक रद्दीच्या भावाने जायला हवे. तरीही हा हिशेब लोक करतात, हे प्रकाशकाला विसरून चालत नाही.

घरातील मोठ्यांनी लक्ष ठेवावे ते सेलमधील घाईवर. ‘फक्त ४ तास उरले’ असे घड्याळ लावून ग्राहकाला खोटी घाई करणे ही आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ पासून फसव्या क्लृप्त्यांच्या सरकारी यादीत घातली गेली आहे. त्या यादीत अशा १३ क्लृप्त्या आहेत. स्टीमच्या मोठ्या सेलच्या तारखा तर आधीच जाहीर होतात आणि चुकला तो सेल पुन्हा येतो. घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसेही परत मागता येतात. जून २०१५ पासून ही सोय आहे. खरा खर्च होतो तो वेगळ्याच ठिकाणी. ९० टक्के सवलतीत घेतलेले दहा गेम उघडलेही जात नाहीत. शंभरच्या दहा नोटा अशा गेल्या, तर एक गेम निम्म्या किमतीत घेण्याइतके पैसे नकळत संपलेले असतात. पेढीच्या भाषेत ही पडून राहिलेली खरेदी. गोदाम फक्त प्रकाशकाकडून ग्राहकाकडे सरकलेले असते.

राइस मिलमध्ये हे सारे दोन-तीन संध्याकाळी चर्चिले गेले. दादाजींनी नातवाला कागदावर दोन रकाने आखायला लावले. आज घेतला तर तीन हजार, आणि मित्रांबरोबर खेळायला मिळणारे चार महिने. उन्हाळ्यात घेतला तर दीड हजार, आणि बहुधा एकट्याने खेळणे. मधला फरक दीड हजाराचा. “चार महिन्यांच्या सोबतीचे दीड हजार तुला जास्त वाटतात की कमी?” त्यांनी विचारले. मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने मित्रांना फोन केले. चौघांपैकी दोघांनी गेम घेतला होता, एकाला परीक्षेपर्यंत संगणकाला हात लावायची बंदी होती आणि चौथा म्हणाला, “अरे, मी पण सेलचीच वाट बघतोय.”

रकान्यातील ‘चार महिने’ मुलाने स्वतःच खोडले आणि तेथे ‘दोघेच’ असे लिहिले. क्रिकेटचा गेम विशलिस्टमध्ये गेला. त्याच रात्री त्याने ‘राजी’ घेतला, सवलत नसताना, पूर्ण किमतीला. दादाजींनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “यात वाट बघायला मित्र कोणी नाहीत, दादाजी. आणि घर विकलंय त्यांनी.” व्यवहाराच्या दृष्टीने हे कारण टिकणारे नव्हते. दादाजींनी ते टिकू दिले.

आता रोज संध्याकाळी पेढी बंद करून घरी आले, की चप्पल काढता काढता ते विचारतात, “काय रे, क्रिकेटचा भाव काय म्हणतो?” आणि संगणकासमोरून उत्तर येते, “अजून तेजीच आहे.”